शब्दाला शेपूट लावताना

मुलांनो, आज आधी एक खेळ खेळू या. वही नको, पेन्सिल नको. मी अर्धवट वाक्य म्हणते, मधली गाळलेली जागा तुम्ही भरायची. मोठ्याने म्हणा हं, शेजारी कुणी असलं तरी चालेल!

माझं आई... प्रेम आहे.
मला पाली... भीती वाटते.
आमच्या गुरुजीं... गावाला आदर आहे.
माझी बंडू... मैत्री आहे.

भरलीत? आई'वर' प्रेम, पाली'ची' भीती, गुरुजीं'बद्दल' आदर, बंडू'शी' मैत्री. एका दमात! मराठी घरात वाढलेलं चार वर्षांचं पोरसुद्धा इथे चुकत नाही. आता मला सांगा, प्रेम आई'वर'च का? प्रेम काय टेबलावरचं फुलपात्र आहे, वर ठेवायला? आणि भीती पाली'ची' का? भीती तर तुम्हाला वाटते, म्हणजे ती तुमची. पाल बिचारी भिंतीवर स्वस्थ बसलेली असते!

बघा, आली ना पंचाईत? उत्तर बरोबर आलं, पण कारण काही सांगता येत नाही. हे लक्षात ठेवा, आपल्याला ते पुढे लागणार आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. सिन्नर तालुक्यातली शाळा, सातवीपर्यंतची. मी स्वतः इंग्रजीची ए-बी-सी-डी पाचवीत गिरवली. पुढे २००० साली महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. त्यामुळे माझी पहिलीतली पोरं आता 'द बॉल इज अंडर द टेबल' असं झोकात म्हणतात. ते शिकवणं सोपंच आहे. एक चेंडू घ्यायचा, एक खोका घ्यायचा. चेंडू खोक्यात टाकला की 'इन', वर ठेवला की 'ऑन', खाली ढकलला की 'अंडर'. वर्ग खूश, बाई खूश!

खरी गंमत सुरू होते पाचवी-सहावीत. कारण तिथे चेंडू नसतो आणि खोकाही नसतो. तिथे येतात 'रीझन', 'आन्सर', 'रिस्पेक्ट', 'नीड' असे हातात न धरता येणारे शब्द, आणि प्रत्येकाच्या मागे एक छोटासा शब्द चिकटलेला असतो. 'रीझन फॉर', 'आन्सर टू', 'फियर ऑफ', 'इंटरेस्ट इन'. इंग्रजीत या छोट्या शब्दाला 'प्रिपोझिशन' म्हणतात. आपल्याकडे हे काम विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं करतात. आमच्या वर्गात मात्र दोघांचं एकच नाव आहे, शेपूट! 'बाई, या शब्दाला कोणतं शेपूट?' असं पोरं सरळ विचारतात. डोळे बांधून गाढवाला शेपूट लावायचा खेळ तुम्ही गॅदरिंगला खेळला असाल. शेपूट कानाला लागतं नि सगळे हसतात. पोरांच्या इंग्रजी वह्या तपासताना मला तो खेळ हमखास आठवतो. 'आय हॅव लव्ह ऑन माय मदर.' 'द रीझन ऑफ माय ॲबसेन्स.' 'द आन्सर ऑफ धिस क्वेश्चन.' 'द की ऑफ द कपबोर्ड.' ही चारही शेपटं कानालाच लागलेली आहेत. हवं होतं 'लव्ह फॉर', 'रीझन फॉर', 'आन्सर टू' आणि 'की टू'.

पण ही शेपटं आली कुठून? नीट पाहा. आई'वर' प्रेम, म्हणून 'ऑन'. गैरहजेरी'चं' कारण, प्रश्ना'चं' उत्तर, कपाटा'ची' किल्ली, म्हणून 'ऑफ'. म्हणजे पोरांनी आंधळेपणाने शेपूट लावलेलं नाही. त्यांनी डोळे उघडे ठेवून मराठीचं शेपूट उचललं आणि इंग्रजीच्या गाढवाला लावलं, इतकंच. अशा वाक्यावर लाल फुली मारताना माझा हात थोडा रेंगाळतो. त्यात आळस नसतो. विचार असतो, फक्त दुसऱ्या भाषेतला.

आता एका मुलीची गोष्ट सांगते. नाव नाही सांगत, तिला ते आवडणार नाही.

तिचे वडील एमआयडीसीतल्या कारखान्यात कामाला. बिहारमधून आलेलं कुटुंब. पोरगी पाचवीत आमच्या वर्गात दाखल झाली. गणितात चलाख, अक्षर मोत्यासारखं. मराठी नवीन, पण दोन-तीन महिन्यांत तिने ती बऱ्यापैकी उचलली होती. एके दिवशी वर्गात 'मला कशाची भीती वाटते' यावर प्रत्येकाने दोन वाक्यं बोलायची होती. तिची पाळी आली. ती उभी राहिली आणि म्हणाली, 'मला कुत्र्यापासून भीती वाटते.'

झालं! वर्ग खदखदून हसला. मी दटावलं तेव्हा गप्प झाला, पण मधल्या सुट्टीत मागच्या बाकावरच्या दोघा-तिघांनी त्याचं गाणंच केलं, 'पासून, पासून, कुत्र्यापासून!' त्यांना बोलावून समज दिली, गाणं थांबलं. पण ती पोरगीही थांबली. हजेरीला 'उपस्थित' एवढा एकच शब्द. पाठ वाचायला सांगितला तर मान खाली. गणिताचं उत्तर येत असलं तरी बोट वर नाही. मी शेजारी बसून बोलतं करायचा प्रयत्न केला, तिच्या मैत्रिणीला मध्ये घातलं, सगळं करून पाहिलं. पंधरा दिवस झाले तरी ढिम्म. बोलकं मूल असं मिटून गेलं ना, की बाईंना घरी गेल्यावर जेवण जात नाही, बरं का!

एका सोमवारी मी फळ्यावर वर्गातल्याच वह्यांमधली चार वाक्यं लिहिली. 'लव्ह ऑन माय मदर' आणि तिची भावंडं. कुणाची वाक्यं ते लिहिलं नाही, पण ज्याची त्याला ओळखू आली असणार, कारण 'पासून, पासून' गाणाऱ्यांपैकी एकजण छताकडे बघायला लागला. मी म्हटलं, 'एखादा इंग्रज मुलगा आत्ता आपल्या वर्गात बसला असता तर काय केलं असतं त्याने?'

'हसला असता,' कुणीतरी पुटपुटलं.

'का हसला असता?'

'कारण त्याला आपोआप येतं.'

मग मी त्या मुलीकडे वळले. म्हटलं, 'तू काही मराठीत बोलू नकोस. मला फक्त हिंदीत सांग, कुत्र्याची भीती वाटते हे तुम्ही घरी कसं म्हणता?' ती बराच वेळ बाकाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, 'कुत्ते से डर लगता है.'

हे 'से' मी फळ्यावर मोठं लिहिलं. आता हिंदीचं हे 'से' म्हणजे काय प्रकरण आहे बघा. 'चाकू से काटा' म्हणजे चाकू'ने' कापलं. 'राम से बात की' म्हणजे रामा'शी' बोललो. 'नासिक से आया' म्हणजे नाशिक'हून' आला. 'पेड़ से दूर' म्हणजे झाडा'पासून' दूर. आपण मराठीत जिथे चार वेगळी शेपटं वापरतो तिथे हिंदी एका 'से'वर भागवते. मग हिंदी घरातल्या मुलाने मराठीत बोलताना 'कुत्ते से'चं काय करावं? कुत्र्या'ने' भीती? कुत्र्या'शी' भीती? कुत्र्या'हून' भीती? चार शेपटं समोर, आणि एक उचलायचंय. तिने त्यातल्या त्यात सगळ्यात शहाणं शेपूट उचललं होतं, 'पासून'. जिच्यापासून दूर पळावंसं वाटतं तिच्या'पासून' भीती!

आणि आता खरी गंमत. मी कपाटातून मराठी व्याकरणाचं पुस्तक काढलं आणि तत्पुरुष समासाचं पान उघडून त्या छताकडे बघणाऱ्या मुलाला वाचायला दिलं. तुमच्या घरी ताई-दादाचं असं पुस्तक असेल तर आत्ता काढून बघा. पंचमी तत्पुरुषाचं नेहमीचं उदाहरण असतं 'चोरभय', आणि त्याचा विग्रह काय दिलेला असतो? चोरा'पासून' भय!

त्याने ते वाचलं. मग पुन्हा एकदा मनातल्या मनात वाचलं. वर्गात एवढी शांतता मी परीक्षेतही पाहिलेली नाही.

पुस्तकात ही चूक छापलेली नाही हं. संस्कृतात भय हे पंचमीनेच येतं. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी पाणिनीने जे व्याकरण रचलं, त्यात ज्याची भीती वाटते त्याला पंचमी लावायची असा नियमच आहे. 'सर्पात् भयम्', सापापासून भय. बोलीतल्या मराठीने पुढे आपली सोय पाहून 'ची' घेतली, हिंदीने तो 'पासून' आपल्या 'से'मध्ये जपला. आपली पाचवीतली पाहुणी जे बोलली, त्यात पाणिनीला वावगं वाटलं नसतं. आमच्या मागच्या बाकाला मात्र वाटलं!

आणखी एक सांगते. इंग्रजीत भीतीला 'ऑफ' लागतं, 'फियर ऑफ डॉग्ज'. हे 'ऑफ' आणि 'रन ऑफ' म्हणजे पळून जाण्यातलं 'ऑफ', हे दोन शब्द आज इंग्रजीत वेगळे आहेत. एकाचा उच्चार 'ऑव्ह'च्या जवळ जातो, दुसऱ्याच्या स्पेलिंगमध्ये एक 'एफ' जास्त असतो. आपण देवनागरीत दोन्ही सारखेच लिहितो, आणि गंमत म्हणजे जुन्या इंग्रजीत ते खरोखर एकच होते. त्या जुन्या शब्दाचा अर्थ होता 'पासून, दूर'. हे मी वर्गात सांगितल्यावर पहिल्या बाकावरची एक चिमुरडी म्हणाली, 'म्हणजे सगळ्यांनी पासूनच म्हटलंय, आपणच तेवढे वेगळे!' अगदी तसंच काही नाही, पण मी तिला त्या दिवशी अडवलं नाही.

त्यानंतर आम्ही एक वही केली. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. नाव ठेवलं 'शेपूट वही'. पान आडवं धरून तीन रकाने आखले: मराठी, हिंदी, इंग्रजी. भेटेल तो शब्द शेपटासकट त्यात चढवायचा. हिंदीचा रकाना कुणाकडे द्यायचा हे मला सांगावं लागलं नाही. पाचवीला हिंदी आहेच, आणि आमच्या बहाद्दरांची हिंदी काय वर्णावी! त्या छताकडे बघणाऱ्याने रकान्यात लिहायला सांगितलं, 'मेरा माँ के ऊपर प्रेम है.' ती मुलगी आधी गप्प राहिली. मग तिला हसू आवरेना. ओढणीत तोंड खुपसून हसली. 'माँ के ऊपर? माँ से! माँ से!' महिन्याभरात तिचा एवढा मोठा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. त्या मुलाचे कान लाल झाले, पण त्याने मुकाट्याने खोडून 'माँ से' लिहिलं.

आता या वहीतून काय काय सापडलं ते तुम्हाला सांगते, कारण ते तुमच्याही कामाचं आहे.

एक म्हणजे, शेपूट ठरवतो कोण? पुष्कळांना वाटतं, ज्या शब्दाला ते चिकटतं तो शब्द ठरवतो. नाही! 'आईवर प्रेम, आईबद्दल आदर, आईशी भांडण, आईची आठवण.' आई तीच आहे, शेपूट बदलतंय. हुकूम चालतो तो प्रेमाचा, आदराचा, भांडणाचा, आठवणीचा. इंग्रजीतही तसंच. 'लव्ह फॉर', 'क्वारल विथ', 'मेमरी ऑफ'. म्हणून नवा शब्द शिकताना तो एकटा पाठ करू नका. 'रीझन म्हणजे कारण' असं घोकलंत तर अर्धंच घर आणलंत. 'रीझन फॉर' असं जोडीनेच घरी आणा.

दुसरं म्हणजे, मराठी प्रत्येक वेळी दगा देत नाही. आमच्या भागात कांदा-द्राक्षांचं पीक, जवळच लासलगावची कांद्याची मोठी बाजारपेठ. त्यामुळे भाव चढला-उतरला ही घराघरातली बातमी. 'कांद्याच्या भावात शंभर रुपयांची वाढ.' याचं इंग्रजी करा बरं. 'अ राइझ ऑफ हंड्रेड रुपीज इन द प्राइस ऑफ अनियन्स.' बघा, भावा'त' म्हणजे 'इन', शंभर रुपयां'ची' म्हणजे 'ऑफ'. हुबेहूब! फक्त आरशात पाहिल्यासारखं उलटं. आपलं शेपूट शब्दाच्या मागे, त्यांचं पुढे. वाढ, घट, बदल, सुधारणा असे चढउताराचे शब्द आले की आपल्याकडे 'त' आणि तिकडे 'इन' हे बहुतेक जमून जातं. तब्येतीत सुधारणा, 'इम्प्रूव्हमेंट इन हेल्थ'. वेळापत्रकात बदल, 'चेंज इन द टाइमटेबल'. तसंच, काहीतरी वरून येऊन पडल्यासारखे शब्द असतात. कर, बंदी, हल्ला, परिणाम. उत्पन्नावर कर, प्लॅस्टिकवर बंदी, किल्ल्यावर हल्ला, पिकावर परिणाम. या चौघांना इंग्रजीत 'ऑन'च लागतं. इथे मराठीच्या मागून बिनधास्त चाला.

मग दगा कुठे? जिथे मराठी 'चा-ची-चे' लावून मोकळी होते तिथे! आपली षष्ठी फार उदार. कुणालाही चालते. म्हणून 'चा-ची-चे' दिसलं की आमच्या वर्गात धोक्याची घंटा वाजते. पाण्याची गरज, पण 'नीड फॉर वॉटर'. हरवलेल्या बैलाचा शोध, पण 'सर्च फॉर'. या 'फॉर'वाल्या शब्दांकडे नीट पाहा, त्यात काहीतरी हवंहवंसं असतं, जणू हात पुढे केलेला असतो. मागणी, विनंती, इच्छा, भूक, सगळे याच पंगतीतले. 'टू'वाले शब्द बाणासारखे. उत्तर प्रश्नाकडे जातं, किल्ली कुलपाकडे जाते, आमंत्रण लग्नाकडे नेतं. 'आन्सर टू', 'की टू', 'इन्व्हिटेशन टू'. पण हा नियम समजू नका हं, ही नुसती आठवणीची खुंटी आहे. गारपिटीने द्राक्षबागेचं नुकसान झालं तर ते 'डॅमेज टू', आणि पीकच गेलं तर तो 'लॉस ऑफ'. मराठीत दोन्ही पिकाचं नुकसानच. आता इथे बाण कुठे नि हात कुठे? खुंटी निखळली की सरळ पाठ करायचं, उपाय नाही. बघा, उपायावरून आठवलं. दुखण्या'वर' उपाय, पण 'क्युअर फॉर'. अडचणी'वर' उपाय, पण 'सोल्युशन टू'. देवा'वर' श्रद्धा, पण 'फेथ इन गॉड'. म्हणजे आपलं 'वर'सुद्धा सदासर्वदा भरवशाचं नाही.

तिसरी एक चोरवाट सहावीच्या मुलांनी शोधली. 'आन्सर टू' पक्कं झालं म्हणून एकाने लिहिलं, 'प्लीज आन्सर टू माय क्वेश्चन.' मी 'टू'वर काट मारल्यावर तो चिडलाच! 'बाई, तुम्हीच सांगितलं ना, आन्सरला टू लागतं?' बरोबर आहे त्याचं. पण 'आन्सर' हे नाम असलं की 'टू' लागतं, क्रियापद झालं की ते शेपूट गळून पडतं. 'आन्सर माय क्वेश्चन'. 'डिमांड फॉर अ हॉलिडे', पण 'वी डिमांड अ हॉलिडे'. 'डिस्कशन अबाऊट द ट्रिप', पण 'डिस्कस द ट्रिप'. या शेवटच्या ठिकाणी तर मोठी माणसंही सर्रास 'डिस्कस अबाऊट' म्हणतात, रोज कानावर पडतं. आणि तुम्हाला वाटत असेल की हा इंग्रजीचाच आचरटपणा आहे, तर जरा थांबा. 'मी सापाला भितो', पण 'मला सापाची भीती'. भिणं हे क्रियापद 'ला' घेतं, भीती हे नाम 'ची' घेतं. आहे की नाही तोच चाळा? 'मी त्याला मदत केली' आणि 'मला त्याची मदत झाली', यात तर शेपटाबरोबर मदत करणारा माणूसच बदलला!

कधी कधी शेपूट बदललं की शब्दाचं डोकंच बदलतं. 'टेस्ट ऑफ सॉल्ट' म्हणजे मिठाची चव, पण 'टेस्ट फॉर म्युझिक' म्हणजे गाण्याची गोडी. आजीची आठवण ती 'मेमरी ऑफ'. आणि एखाद्याला नावं झटकन लक्षात राहतात ती 'मेमरी फॉर नेम्स'. आपण दोन वेगळे शब्द वापरतो, चव आणि गोडी, आठवण आणि स्मरणशक्ती. इंग्रजी एकाच शब्दाला दोन शेपटं लावून तेच काम उरकते.

तुम्ही म्हणाल, बाई, हे सगळं शोधायचं कुठे? तर त्यासाठी एका शिक्षकाचेच आभार मानायला हवेत. ए. एस. हॉर्नबी नावाचे इंग्रज गृहस्थ १९२४ साली जपानला इंग्रजी शिकवायला गेले. जपानी मुलांचं दुखणं आपल्यासारखंच. त्यांच्या भाषेतही ही शेपटं शब्दाच्या मागेच लागतात! इंग्रजांनी इंग्रजांसाठी केलेल्या शब्दकोशात शब्दाचा अर्थ सापडायचा, पण त्याच्यामागे 'फॉर' येतं की 'ऑफ' हे शोधू जाल तर पंचाईत, कारण इंग्रज वाचकाला ते आपोआप येत असे, आपल्याला 'पालीची भीती' येते तसं. हॉर्नबींनी आणखी दोघांच्या मदतीने परक्या विद्यार्थ्यांसाठी वेगळा शब्दकोश रचला. कोणता शब्द वाक्यात कसा वापरायचा, त्याच्या सोबत काय येतं, हे सांगणारा. इकडे जपान आणि ब्रिटन यांचं युद्ध जुंपलेलं. त्याच धामधुमीत १९४२ साली तो कोश टोकियोत छापला गेला. पुढे १९४८ साली ऑक्सफर्डने तो काढला, आणि त्याच्या आवृत्त्या आजतागायत निघताहेत. आज असे शिकणाऱ्यांसाठीचे कोश दुकानात मिळतात, मोबाइलवरही सापडतात. एकच युक्ती लक्षात ठेवा. शोधायचं असतं नाम, 'फॉर' किंवा 'ऑफ' नव्हे! 'फॉर' उघडलंत तर पानंच्या पानं अर्थ निघतील आणि डोकं गरगरेल. 'रीझन' उघडा, त्याच्या शेजारीच ते छोटं शेपूट ठळक अक्षरात किंवा कंसात दिलेलं असतं.

पालकांसाठी एक शब्द. 'आम्हाला इंग्रजी येत नाही, आम्ही काय शिकवणार?' असं म्हणून बाजूला होऊ नका. मुलाने 'लव्ह ऑन' लिहिलं की त्याला विचारा, मराठीत आपण कसं म्हणतो? त्याने 'आईवर' म्हटलं की चूक कुठून आली हे त्याचं त्यालाच कळतं. त्यासाठी तुम्हाला फक्त मराठी यायला हवी, आणि ती तर तुम्हाला आमच्यापेक्षा झकास येते.

आमची शेपूट वही आता भरत आलीय. त्या मुलीच्या रकान्यात सगळ्यात कमी खाडाखोड आहे. परवा परिपाठात तिने बातम्या वाचल्या, मराठीत. एका ठिकाणी प्रत्यय अडखळला. मागच्या बाकावरून कुणीतरी तो हळूच पुरवला, तिने तो घेतला आणि पुढे वाचत गेली.

वहीतली सगळ्यात ताजी भर त्या छताकडे बघणाऱ्या महाशयांची. घरी बँकेचा कागद आला होता, पीककर्जाचा. त्यातली एक ओळ तो हातावर उतरवून आला आणि दारातूनच ओरडला, 'बाई, बँकेचं चुकलं! इंटरेस्टला इन लागतं ना? इंटरेस्ट इन क्रिकेट! बँकेनं इंटरेस्ट ऑन लिहिलंय!'

आम्ही कोश काढला. 'इंटरेस्ट' उघडलं. रस असला तर 'इन', व्याज असलं तर 'ऑन'. मग वर्गातच कुणाला तरी सुचलं की मराठीतही तसंच आहे की, क्रिकेट'मध्ये' रस आणि कर्जा'वर' व्याज. बँक बरोबर निघाली. त्याने वहीत दोन्ही ओळी लिहिल्या, एकाखाली एक, आणि घरी जाऊन वडिलांना समजावून सांगितल्या.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, 'काय म्हणाले बाबा?'

'म्हणाले, ते "इन"वालं राहू दे. "ऑन"वालं किती झालंय, तेवढं नीट वाचून सांग.'

मग आम्ही त्या तासाला तो कागद पुढे घेऊन सरळव्याज केलं.